पंजा नाही, मनगट

आमच्या नरखेड तालुक्यात पाणी वरून खाली पडत नाही, खालून वर ओढावं लागतं. संत्र्याच्या बागेत बोअर मारायचा तर आठशे-नऊशे फुटांचा हिशेब धरून बसावं लागतं. तेवढं खोल जाऊनही नुसती भुकटीच उडाली, की बागवाला बोअरच्या गाडीवाल्याकडे बघतो आणि गाडीवाला आभाळाकडे. अशा मुलखातल्या माणसाला टोरंटोहून भाचीचा फोन येतो आणि ती विचारते, "मामा, तुमच्याकडे चढता येईल असा धबधबा आहे का?"

हसू आलं, पण तिचा प्रश्न सरळ होता. आदल्या हिवाळ्यात ती आणि जावईबुवा जमैकाला सुटीवर गेले होते. तिथे ओचो रिओस नावाच्या गावाजवळ डन्स रिव्हर फॉल्स आहे. साधारण सहाशे फूट लांबीचा, पायऱ्यापायऱ्यांनी उतरत थेट समुद्राला मिळणारा. लोक समुद्राच्या काठापासून सुरुवात करतात आणि वाहत्या पाण्यातून वर चढत जातात. पुढे वाटाड्या, मागे एकमेकांचे हात धरलेली पंधरा-वीस माणसांची साखळी. तिने व्हिडिओ पाठवला होता. त्यात जावईबुवा लाल रंगाच्या पोहण्याच्या चड्डीत, एका अनोळखी गोऱ्या आजीचा हात घट्ट धरून, हसत हसत पाण्यात उभे. मी तो तीनदा पाहिला. जुलैमध्ये दोघं भारतात येणार होते आणि तिला आईसोबत, मामासोबत 'तसंच काहीतरी' करायचं होतं.

आई म्हणजे माझी थोरली बहीण. तिने व्हिडिओ अर्धाच पाहिला आणि फोन परत दिला. "पाण्यात कायले चढाचं? डोंगर कमी हायेत काय?" मग जरा थांबून म्हणाली, "अन् हात धरून काय होते?"

ताईचं सासर मोवाडचं. 30 जुलै 1991 ला वर्धेचा पूर मोवाडात शिरला तेव्हा तिच्या लग्नाला तीन महिने झाले होते. त्या पुरात दोनशेहून अधिक माणसं गेली. आमच्या तालुक्यात आजही 'पुराच्या आधी' आणि 'पुराच्या नंतर' असाच काळ मोजतात. धाकटी नणंद तिच्यासोबत होती आणि तिचा हात ताईच्या हातात होता. एवढंच ताई सांगते. पुढचं आम्ही कधी विचारलं नाही. हे भाचीला ठाऊक आहे, पण ती पुरानंतर जन्मलेली, आणि ऐकलेल्या पाण्याची ओल वेगळी असते.

तरी मी वही काढली. शिक्षकी पेशात तीस वर्षं घालवलेल्या माणसाला वहीशिवाय योजना सुचत नाही.

पहिलं नाव लिहिलं सालबर्डी. आमच्यापासून जवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, अर्धं गाव महाराष्ट्रात आणि अर्धं मध्य प्रदेशात. महादेवाच्या गुहेपर्यंतची वाट आम्ही लहानपणी नदीच्या पात्रातूनच तुडवली आहे. पण ती महाशिवरात्रीची, म्हणजे घोटाभर पाण्याची गंमत. दुसरं मुक्तागिरी. बावन्न जैन मंदिरं आणि मधोमध कोसळणारा धबधबा. वरून मेंढा पडला आणि मुक्त झाला म्हणून तिला मेंढागिरीही म्हणतात. पण तिथे चढायचं ते पायऱ्यांनी, धबधबा बाजूला ठेवून आणि मान खाली घालून. ते तीर्थक्षेत्र आहे. तिसरं चिखलदरा. भीमाने कीचकाला मारून जिथे फेकला ती दरी, समोर भीमकुंड. ते बघायचंच पाणी. कठड्यापाशी उभं राहून कणीस खायचं आणि धुकं हटायची वाट बघायची. चढायचा विचार केला तर कीचकाची सोबत मिळेल.

चौथं नाव लिहायला पेन टेकवलं आणि स्वतःवरच चिडलो. आमच्या भागातली माणसं वर्षानुवर्षं वाटाड्याच्या मागे, भर पावसात, ओढ्यांतून आणि कपारींतून डोंगर चढतात. बापाच्या खांद्यावर बसून मीही गेलो आहे. फक्त त्याला आम्ही सुटी म्हणत नाही. नागद्वार म्हणतो.

नागद्वारची गोष्ट विदर्भाबाहेरच्यांना सांगावी लागते. पचमढीच्या धूपगडाच्या अंगाला, आजच्या सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या रानात, कड्याकपारींतल्या गुहांमध्ये नागदेवाची ठाणी आहेत. वर्षभर ती वाट बंद असते. नागपंचमीच्या आधीचे दहाएक दिवस उघडते. तिकडचा सावन पौर्णिमेनंतर लागतो, म्हणजे आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी. त्यामुळे आमच्याकडे आषाढ चालू असतानाच माणसं 'नागद्वारले' निघतात. डोंगर मध्य प्रदेशात, पण त्या दहा दिवसांत त्याची बोली वऱ्हाडी-नागपुरी असते. नागपूर, काटोल, वरूड, अमरावतीकडची मंडळं वाटेवर तंबू ठोकून फुकट जेवण घालतात. वाटेत भेटणारा प्रत्येक जण 'भगत', मग तो तलाठी असो की तुरीचा व्यापारी.

फोनवर भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे गाईडेड क्लाइंब आहे." मी म्हटलं, "आहे. फक्त तो गाईड स्वतःच नारळ घेऊन येतो."

आमचा वाटाड्या शेजारच्या गावचा. भगतबाबा म्हणूनच सगळे ओळखतात. सत्तरीच्या पुढचे, दोन एकर संत्रा, आणि नागद्वारची वाट पायाला पाठ. पैसे घेत नाहीत. गाडीत जागा, एक शेला आणि नारळ. मी त्यांच्या ओसरीवर वही उघडून बसलो, तर त्यांनी आधी बागेचं विचारलं. जुलै म्हणजे आंबिया बहाराच्या फळगळीचा महिना. रोज सकाळी झाडाखाली हिरवी लिंबाएवढी फळं पडलेली दिसतात आणि जीव तुटतो. फवारणी सोडून जायचं तर कोणाच्या भरवशावर, हा प्रश्न धबधब्यापेक्षा मोठा होता. तो पुतण्यावर टाकला.

मग बाबांनी एकच विचारलं. "पोट्टीले थांबता येते का?"

मला वाटलं चढता येतं का, असं विचारतील. मी म्हटलं, "म्हणजे?"

"पाणी पायलं का थांबाचं. एक घंटा, दोन घंटे. आजकालच्या पोरायले थांबता येत नाही."

तारीख ठरवताना ताईची अट होती: 30 जुलैच्या आत घरी. त्या दिवशी ती मोवाडला जाते, श्रद्धांजलीला. त्या वर्षी, म्हणजे 2025 साली, नागपंचमी 29 जुलैला होती. नागपंचमीच्या दिवशी त्या वाटेवर मुंगीलाही जागा नसते, म्हणून 26 ला, शनिवारी निघायचं, रविवारी चढायचं आणि सोमवारी परत, असं ठरलं. ताई येणार नव्हती. मनाई मात्र केली नाही, हे मला पुरेसं वाटलं.

पादत्राणांवरून रामायण झालं. भाचीने जमैकात वापरलेले रबरी बूट आणले होते आणि जावईबुवांनी पुण्याहून येताना ट्रेकिंगचे नवे कोरे बूट घेतले होते, ज्यांची किंमत ऐकून भगतबाबांनी डोळे मिटले. "नवे जोडे घालाचे नाहीत." एवढं बोलून त्यांनी पोत्यातून बारदानाच्या पट्ट्या काढल्या, चार बोटं रुंद, मळकट. तळव्याखालून दोन वेढे आणि घोट्यावर गाठ. शेवाळावर रबर सरकतं, ताग धरून ठेवतो, हा त्यांचा सिद्धान्त.

जावईबुवा रसायन अभियंते आहेत. त्यांनी हा सिद्धान्त लगेच उचलला आणि प्रवासभर आम्हाला समजावला. जमैकातल्या त्या पाण्यात चुना विरघळलेला असतो. पाणी फेसाळत खाली येताना तो चुना खडकावर बसतो, थरावर थर. म्हणून तिथल्या पायऱ्या झिजण्याऐवजी वाढत राहतात आणि त्यांचा पृष्ठभाग खरखरीत राहतो. पाय धरतो. आपल्याकडे उलटं. पचमढीचा वालुकाश्म किंवा आपला काळा बेसाल्ट पाण्याने गुळगुळीत होतो आणि त्यावर बुरशी-शेवाळाचा थर. म्हणजे तिथे धबधबा माणसाला चढवतो आणि इथे माणसाला धबधब्याची मर्जी राखावी लागते. हे मला पटलं. एवढं सांगून ते थांबले असते तर आणखी पटलं असतं.

क्रूझर पांढुर्ण्याहून छिंदवाड्याकडे निघाली. परासियाच्या कोळसा खाणी, मग तामियाचं धुकं. गाडीच्या काचेपलीकडे दरी आहे की भिंत, ते कळेना. मटकुलीला चहा, खाली देनवेचं लाल पाणी, आणि वर घाट. इंग्रजांच्या काळात मध्य प्रांताचं सरकार उन्हाळा आला की नागपूर सोडून पचमढीला जायचं. फायली, चपराशी, साहेबांची कुत्री, सगळा बारदाना. कॅप्टन फोरसिथने 1862 च्या सुमारास हे पठार साहेबांच्या नजरेत आणलं आणि पुढे मध्य भारतातल्या डोंगरांवर पुस्तकही लिहिलं. ते उन्हातून पळून यायचे. आमची माणसं मात्र नेमका पाऊस गाठून जातात. कोणाची हवापालटाची कल्पना बरोबर, हे ज्याने त्याने ठरवावं.

पहाटे जलगलीपाशी उतरलो. गाड्यांचे दिवे, बरसात्यांचा सळसळाट, झांजांचा आवाज, आणि हर हर महादेव. पुढे एक म्हातारी अनवाणी, नऊवारीचा काचा मारलेला, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ. मागे पोलिसांची आणि आपत्ती दलाची माणसं शिट्ट्या वाजवत रांग लावत होती. जावईबुवांनी एका पोलिसाला हिंदीत वाट विचारली, तर मधल्या तिघा अनोळखी माणसांनी वऱ्हाडीत उत्तर दिलं. मध्य प्रदेशच्या जंगलात मराठीवर भागतं, याचं त्यांना फार आश्चर्य वाटलं. आम्हाला त्यांच्या आश्चर्याचं वाटलं.

आधी उतरण आहे. चढायला आलेल्या माणसाला आधी तास-दीड तास उतरावं लागतं, हे जमैकाच्या व्हिडिओत नव्हतं. काजरीपाशी भगतबाबांनी टेकायला सांगितलं. या ठिकाणची कथा अशी सांगतात: काजरी नावाच्या बाईला मूल नव्हतं. मूल झालं तर तुझ्या डोळ्यांत काजळ घालीन, असं ती नागदेवाला बोलली. मूल झालं. ती काजळ घेऊन आली, आणि देवाने खरं रूप दाखवलं ते पाहून तिचा प्राण गेला. भाचीला ही कथा आवडली नाही. मलाही कधी आवडलेली नाही. नवस फेडायला आलेल्या बाईला असं वागवायचं? बाबा म्हणाले, "देवाले वाटलं असन, पायल तर पाय." त्यांनी बिडी विझवली आणि उठले.

पुढे वाट आणि ओढा एकच होतात.

मी तो तुकडा नीट सांगतो, कारण बाकी दिवस त्यासाठीच होता. दोन्ही बाजूंना तांबूस कातळ, पुरुषभर उंचीचे. मधून पायऱ्यांसारखे दगड आणि त्यावरून येणारं पाणी, कुठे घोटाभर, कुठे गुडघ्याला टेकणारं. उभे टप्पे आहेत तिथे लोखंडी शिड्या, आणि शिडीच्या दांड्यांवरूनही पाणी वाहत होतं. चढणाऱ्यांची एक रांग, उतरणाऱ्यांची एक. बाबांनी आम्हाला कडेला घेतलं आणि पाण्यासमोर उभे राहिले. काही करेनात. काठी टेकून नुसते बघत होते.

"काय बघायचं?" भाचीने विचारलं.

त्यांनी बोट दाखवलं. दगडामागे जिथे पाणी गरगरतं, तिथे तळाची वाळू दिसत होती. "हे वाळू दिसते तोवर आपली. पाणी चहावानी झालं, का त्यात पाला-काड्या येऊ लागल्या, का वरतं पाऊस आहे समजाचं. आन् आवाज बदलते. आयकाचं. म्हून पाण्यात बोलाचं नाही."

मग हात धरायची वेळ आली. भाचीने सवयीने हात पुढे केला, बोटांत बोटं गुंफायला. बाबांनी तिचा हात बाजूला केला. "पंजा नोको धरू. मनगट धर. तू त्याचं, थो तुयं." त्यांनी माझ्या मनगटावर पकड घालून दाखवली. त्यांची बोटं माझ्या मनगटावर आणि माझी त्यांच्या. ओला पंजा साबणासारखा निसटतो. मनगट दोन्हीकडून धरलं की एकाची बोटं सुटली तरी दुसऱ्याची पकड राहते. आणि तिघांपेक्षा जास्त जोडायचे नाहीत. एक पडला तर दोघांनी सावरायचं. वीस जोडले तर वीस पडतात.

मी भाचीकडे बघितलं नाही. तीही माझ्याकडे बघत नव्हती.

पहिला टप्पा चढलो. बारदान खरंच धरत होतं; पाऊल टेकलं की ते दगडाला चिकटायचं आणि उचलताना चपकन सुटायचं. दुसऱ्या टप्प्यावर माझ्या गुडघ्याने तक्रार केली. तिसऱ्याच्या खाली बाबा थांबले आणि हात वर केला.

वाळू दिसत नव्हती. पाणी गढूळ नव्हतं, पण मघाचं नितळही नव्हतं, पातळ ताकासारखं. डोक्यावर पाऊस नव्हता. ढगांत एक उजेडाची फटही होती. आमच्या बाजूने लोक हर हर करत वर जात होते. एका मंडळाच्या पोरांनी तर आम्हाला, "चला ना भगत, काहून थांबले?" म्हणून हटकलंही. बाबा कातळाला पाठ लावून बसले आणि त्यांनी फुटाण्यांची पुडी काढली.

अर्धा तास झाला. "अजून किती थांबायचं म्हणतात ते?" जावईबुवांनी मला हळूच विचारलं. पाऊण तास. वरून एक सागाचं पान आलं, मग काड्यांचा एक झुबका, मग पाण्याचा रंग खरंच चहासारखा झाला आणि मघाचा दुसरा टप्पा, जिथे आम्ही गुडघाभर पाण्यात उभे होतो, तिथला दगडच दिसेनासा झाला. शिट्ट्या वाजल्या. पोलिसांनी दोर लावून दोन्ही रांगा अडवल्या. कोणाला काही झालं नाही. वरची माणसं वर थांबली, खालची खाली. मघाची ती मंडळाची पोरं वरच्या कातळावर चिमण्यांसारखी ओळीने बसलेली दिसत होती. त्यांतल्या एकाने आम्हाला हात हलवून दाखवला.

दीड तासाने पाणी जसं चढलं तसंच उतरलं. डोंगरातल्या ओढ्याचं असंच असतं. मोवाडचं पाणी वर्धेचं होतं, मुलताईच्या पठारावरून अख्खा मुलूख गोळा करत आलेलं. त्याला उतरायला वेळ लागला. इथला पाऊस देनवेकडे जातो, तिथून तव्याला आणि नर्मदेला. एकाच सातपुड्याची पाणी, वाटा वेगळ्या. मी हे भूगोलाच्या मास्तरासारखं मनातल्या मनात घोकत बसलो होतो, कारण दुसरं काही आठवायचं नव्हतं.

वाळू दिसल्यावर बाबा उठले.

पद्मशेषच्या गुहेपाशी दुपार झाली होती. आत वाकून, कुठे बसून जावं लागतं. शेंदूर, उदबत्तीचा धूर, ओल्या कपड्यांचा वास आणि मागून रेटणारी गर्दी. नारळ दिला, बाहेर आलो. पुढे स्वर्गद्वार होतं, तिथे लिंबू फेकायची रीत आहे आणि मी खिशात घरचंच एक लिंबू नेलं होतं. पण बाबांनी उजेडाचा हिशेब केला आणि मागे फिरवलं. भाची एका शब्दाने काही बोलली नाही. वाटेत एका तंबूत आम्हाला गरम वरण-भात आणि मिरचीचा ठेचा मिळाला. वाढणाऱ्या माणसाने "कुठले?" विचारलं. "नरखेड" म्हटल्यावर त्याने भातावर आणखी एक पळी वरण ओतलं. तो काटोलचा होता. ते लिंबू मी त्याच वरणावर पिळलं.

जमैकापेक्षा कसं वाटलं, हे जावईबुवांनी परतीच्या वाटेवर आपणहून सांगितलं. तिथे वर पोचल्यावर फोटो विकत घ्यायची रांग होती, म्हणाले. मग गाडीत झोपले ते थेट पांढुर्ण्याला उठले.

सोमवारी संध्याकाळी नरखेडला पोचलो. श्रावणातला पहिला सोमवार. ताईने उपासाची उसळ करून ठेवली होती आणि अंगणातल्या तारेवर पुतण्याची फवारणीची ओली कापडं वाळत होती. मी त्यांच्या शेजारी बारदानाच्या पट्ट्या टाकल्या. फळगळ थोडी थांबली होती.

"पाणी होतं का?" ताईने विचारलं.

"होतं. थांबलो दीड-दोन तास."

तिने मान हलवली आणि ताटं घेतली. भाची हात धुऊन स्वयंपाकघरात गेली. मी ओसरीवर होतो, दार उघडं होतं. "आई, इकडे ये," ती म्हणाली, "असं नाही धरायचं. असं." तिने ताईची बोटं आपल्या मनगटावर ठेवली आणि आपली तिच्या. ताईच्या हाताला साबुदाणा लागलेला होता.

"आता ओढ," भाची म्हणाली.

ताईने ओढलं नाही. काही वेळ तशीच उभी राहिली. मग पकड जरा वर सरकवून, बांगडीच्या मागे, नीट बसवली.

"हं," म्हणाली, "आता ओढ तू."